नदीपलीकडच्या वन्सं

छिंगशीत कुणाची मान आखडली, कुणाची कंबर धरली, की माणसं सरळ थाओंच्या सुनेकडे जायची. सून म्हणजे एकसष्ट वर्षांची, पांढरे केस कानामागे पिनांनी घट्ट बसवलेली बाई. सासरे जाऊन बावीस वर्षं झालेली, नवरा जाऊन सहा. पण आमच्या गावानं एकदा सून म्हटलं की ती शवपेटीत जाईपर्यंत सूनच. तिचं नाव गू रुईफांग, हे पोस्टमन सोडला तर फारसं कुणाच्या तोंडी नव्हतं.

दोन खोल्यांचा दवाखाना. एक वेताची खाट, एक बाक, भिंतीवर माणसाच्या अंगातल्या बारा वाटांचा पिवळा पडलेला तक्ता, आणि ॲल्युमिनियमच्या डब्यात उकळून ठेवलेल्या सुया. अंगाला शेक द्यायला रानदवण्याच्या वाती जाळून जाळून छत काळं झालेलं. तो वास तिच्या कपड्यांना इतका लागलेला की बाजारात कोबी निवडताना मागून कुणीही ओळखावं, सूनबाई आल्या.

स्वभाव मात्र औषधासारखाच, कडू आणि थोडक्यात. एकदा एक नवा गवंडी खांदा धरून आला. तिनं त्याला खाटेवर बसवून नडगीच्या बाजूला सुई लावली.

"बाई," तो घाबरून म्हणाला, "खांदा वर आहे."

"मला डोळे आहेत. तुझ्या शेतात पाणी आलं नाही तर शेत खणत बसतोस, की वर जाऊन पाटाचं दार बघतोस?"

आमच्याकडे प्रत्येकाचं अर्धं आयुष्य पाटाचं दार बघण्यात जातं, त्यामुळे हे गवंड्याला लगेच पटलं. अंगातही असेच पाट आहेत, त्यांतून 'ची', म्हणजे प्राणशक्ती, वाहते, वाहते तोवर दुखत नाही आणि दुखतं तिथं वाहत नाही. रुईफांगची सगळी विद्या एवढीच, असं ती म्हणायची. बाकीची चाळीस वर्षं नुसता हात बसण्यात गेली.

सुई लावण्याआधी ती पेशंटचा हात हातात घ्यायची. नवख्याला वाटायचं, बाई माया करतेय. माया कसली, ती माप घेत असायची. कारण सुईची जागा सांगताना "गुडघ्याखाली तीन इंच" असं म्हणतात, पण तो इंच ज्याचा त्याचा असतो. पेशंटची स्वतःची चार बोटं जुळवली की त्याचे तीन इंच. आडदांड नावाड्याचे तीन इंच वेगळे, अशक्त पोरीचे वेगळे. वैद्यानं आपल्या बोटांनी मोजलं तर सुई चुकलीच म्हणून समजा. थाओंच्या घरात हा पहिल्या दिवशीचा धडा.

त्र्याण्णव सालच्या वसंतात, सकाळी सकाळी, एक चाळिशीचा माणूस दवाखान्याच्या उंबऱ्यावर येऊन उभा राहिला. पँटचे पाय चिखलानं भरलेले. त्यानं "मामी" म्हटलं आणि रुईफांगच्या हातातली वात खाली पडली. तिला मामी म्हणणारा जगात एकच माणूस होता आणि त्यानं आजवर तिला ते कधी म्हटलं नव्हतं. तो बाओथ्यान, तिच्या नणंदेचा मुलगा.

"आई पडली," तो म्हणाला. "हॉस्पिटलात तीन आठवडे होतो. आता घरी पाठवलंय. उजवा हात, उजवा पाय हलत नाही. बोलता येत नाही. डॉक्टर म्हणाले, पहिले तीन महिने काय ते परत येतं. मग यायचं थांबतं. सुया लावल्या तर बरं, असंही म्हणाले."

"तिनं पाठवलं तुला?"

बाओथ्याननं मान खाली घातली. "तिला ठाऊक नाही मी आलोय ते."

नणंदेचं गाव लिउवान, नदीपलीकडे समोरच दिसायचं. होडीनं वीस मिनिटं. तिथं चाळीस वर्षांत रुईफांग एकदाही गेली नव्हती.

का नव्हती, ते सांगायचं तर ती लग्न होऊन आली तिथपासून सांगायला हवं.

थाओंच्या घरात सुईची विद्या पाच पिढ्यांची, आणि तिचा नियम एकच: मुलाला द्यावी, सुनेला द्यावी, मुलीला देऊ नये. मुलगी लग्न करून जाते, तिच्याबरोबर विद्याही दुसऱ्याच्या घरी जाते म्हणून. म्हणजे पोटची पोर परकी आणि काल वरातीतून उतरलेली परक्याची पोर आपली. हा हिशेब ज्या पूर्वजानं मांडला त्याला मुली नसाव्यात, किंवा असून त्यानं त्यांच्याकडे कधी नीट पाहिलं नसावं.

म्हाताऱ्या थाओंचा मुलगा, रुईफांगचा नवरा, माणूस सोन्यासारखा पण हात लाकडासारखा. कागदाच्या गठ्ठ्यात सुई घालायला बसवलं तर सुई वाकायची नाहीतर गठ्ठा फाटायचा. शेवटी तो होड्या बांधायला गेला आणि विद्या एकोणीस वर्षांच्या नव्या सुनेच्या पदरात पडली. आणि सतरा वर्षांची मुलगी, मानयुन, दाराशी बसून शेंगा सोलत ऐकत राहिली.

सासरे शिकवायचे छान. म्हणायचे, लोखंड नव्हतं तेव्हा लोक दगडाच्या टोकदार चिपांनी गळवं फोडायचे. कुणाच्या तरी पायाला दगड लागला आणि त्याची जुनी डोकेदुखी थांबली. त्यानं शेजाऱ्याला सांगितलं. असे हजारो वर्षं हजारो लोकांना दगड लागले, तेव्हा कुठं हा तक्ता झाला. "पुढच्याला ठेच, मागचा वैद्य," असं म्हणून ते स्वतःच हसायचे.

सून आधी खरखरीत कागदाच्या जाड गठ्ठ्यावर सुई फिरवायला शिकली, मग दोरा गुंडाळलेल्या कापसाच्या बोंडावर, मग स्वतःच्या पायावर. चौथी पायरी दुसऱ्याचं अंग. सासऱ्यांनी सुनेच्या अंगाला हात लावणं बरं दिसेना, बाहेरचं कुणी नव्या पोरीकडून टोचून घ्यायला तयार होईना. तेव्हा मानयुननं शेंगांची टोपली बाजूला ठेवली, बाही वर केली आणि म्हणाली, "माझा हात घ्या."

दोन हिवाळे मानयुनच्या अंगावर ती शिकली. सासरे शेजारी बसून मुलीच्या हातावर बोट फिरवत सांगायचे: बोटाच्या टोकाशी विहीर, मग झरा, मग ओढा, मनगटापुढे नदी, कोपराशी समुद्र. रुईफांग सुई लावायची आणि मानयुन आत काय होतंय ते सांगायची. "नुसतं टोचलं, वहिनी. काही नाही. थोडं आत. हां... आता आंबट वाटतंय. आता जड झालं. आता मुंग्या अंगठ्यापर्यंत गेल्या." कधी कधी रुईफांगची सुई भलतीकडे जायची आणि हातावर काळंनिळं व्हायचं. मग त्या दोघी चुलीपाशी बसून त्यावर गरम अंडं फिरवायच्या आणि नंतर ते अंडं अर्धं अर्धं खायच्या. रुईफांगला माहेरी बहीण नव्हती. ती म्हणायची, वन्सं, तुम्ही भेटलात म्हणून मी या घरात टिकले. आणि ते खरं होतं.

सुईच्या एका टोकाला रुईफांग शिकत होती आणि दुसऱ्या टोकाला मानयुन. हे म्हाताऱ्याच्या लक्षात आलं नाही. किंवा आलं असेल, आणि त्यानं तिकडे काणाडोळा केला असेल. आता कोण विचारणार.

मानयुनचं लग्न लिउवानला ठरलं. रुकवताच्या रजया शिवायला रुईफांग बसली. लाल रजईच्या कडेत तिनं चांदीच्या दोन सुया घालून टाके घातले आणि नणंदेच्या कानात ते सांगितलं. मानयुन तेव्हा इतकी रडली की आजूबाजूच्या बायांना वाटलं, पोरीला सासरची भीती वाटतेय.

वर्षभरात नदीपलीकडून बातम्या यायला लागल्या. बाळंतिणीचं दूध उतरेना, मानयुननं सुई लावली. कुणाचा हात वर होईना, तो झाला. छिंगशीला येणारे लिउवानचे पेशंट कमी झाले. एके दिवशी एक म्हातारी मीठ विकायला आली होती, तिला रुईफांगनं विचारलं, "मावशी, गुडघा कसा आहे? हल्ली येत नाही तुम्ही."

"कशाला येऊ होडीचे पैसे घालून? तुझी नणंद आहे की. आणि राग मानू नकोस हं, हात तिचा तुझ्यापेक्षा हलका आहे."

बस, एवढंच. एकवीस वर्षांची पोर ती. त्या संध्याकाळी जेवताना कमळकंदाचं सूप वाढता वाढता तिनं सासऱ्यांना मानयुनकडच्या दोन सुयांचं सांगून टाकलं. सांगताना तिचा आवाज अगदी साधा होता, आणि त्या साध्या आवाजाची लाज तिला पुढं आयुष्यभर वाटली.

दुसऱ्या दिवशी म्हातारा होडीनं गेला. व्याह्यांच्या अंगणात, सगळ्या गावासमोर, मुलीकडून दोन्ही सुया काढून घेतल्या आणि दगडावर ठेवून जोड्याच्या टाचेनं वाकवल्या. पुन्हा सुईला हात लावणार नाही, अशी शपथ घातली. मानयुननं शपथ घेतली.

त्यानंतर दोघी भेटल्या त्या फक्त मर्तिकांना. पांढरी वस्त्रं, शेजारी शेजारी गुडघे टेकलेले, आणि मध्ये नजरसुद्धा नाही. पुढं सरकारनं गावोगाव तिथल्याच माणसांना थोडं शिकवून 'अनवाणी डॉक्टर' म्हणून नेमायचं ठरवलं, तेव्हा अख्ख्या लिउवाननं मानयुनकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, मला काही येत नाही, आणि भात लावायला निघून गेली. हे रुईफांगच्या कानावर आलं, तेव्हा ती आठवडाभर नीट जेवली नाही. नंतर जेवायला लागली, माणूस लागतोच जेवायला. पण नदी काही तिनं ओलांडली नाही.

आणि आता बाओथ्यान उंबऱ्यात उभा होता. तीन महिन्यांतले तीन आठवडे गेले होते. रुईफांगनं सुयांचा डबा उचलला, स्पिरिटची बाटली घेतली आणि दवाखान्याला कुलूप लावलं.

मानयुन पुढच्या खोलीतच खाटेवर होती. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात रजईवर ठेवून दिलेला. भावजय आत आली तसे तिचे डोळे मोठे झाले. रुईफांगच्या तोंडून निघालं, "वन्सं, जेवलात का?" चाळीस वर्षांनी हेच सुचलं. मानयुनचा डावा हात उठला आणि सुयांचा डबा खोलीभर उडाला. बाओथ्यानची बायको, मानयुनची सून, बिचारी शरमेनं लाल होत कोंबड्यांना हुसकत सुया गोळा करायला लागली. रुईफांग अर्धा तास बाकावर बसून राहिली आणि परत निघाली.

"आज कुणाला टोचलं, सूनबाई?" नावाड्यानं विचारलं.

"कुणालाच नाही."

"मग गेला होतात कशाला?"

"टोचून घ्यायला."

दुसऱ्या दिवशी मानयुन भिंतीकडे तोंड करून पडली. तिसऱ्या दिवशीही. रुईफांग यायची, सुया उकळायची, बाकावर बसायची, उकळलेल्या सुया तशाच घेऊन जायची. चौथ्या दिवशी बाओथ्यान रडकुंडीला आला. "आई, माझ्यासाठी तरी. दिवस चाललेत." मानयुननं त्याच्याकडे पाहिलं, आढ्याकडे पाहिलं, आणि कुणाकडेही न बघता चांगल्या पायानं रजई बाजूला सारली.

रुईफांग बाकावरून उठली. तिनं गुडघ्याखालची खाच चाचपली आणि बोट थेट खाली नेलं. मोजलं नाही. हा पाय मोजायची तिला कधी गरज पडली नव्हती; सगळ्या जगाचे पाय ती मोजायची, पण ज्या पायावर हात बसला तो पाय तिला पाठ होता. तिनं सुई लावली. आणि सुई पोकळ गेली, टोफूत गेल्यासारखी. तिनं फिरवली, उचलली, पुन्हा दाबली. काही नाही. तो पाय सतरा वर्षांचा राहिला नव्हता. चाळीस वर्षं भातखाचरात उभा राहून सुकला होता, आणि ही बाई अजून तेव्हाचाच पाय धरून बसली होती.

मानयुन तिच्याकडे बघत होती. पहिल्यांदाच सरळ, आणि पेशंटनं नवख्या शिकाऊ पोरीकडे बघावं तशा नजरेनं. मग तिनं डावा हात वर केला, चार बोटं जुळवली आणि रुईफांगच्या नाकासमोर धरली.

पहिल्या दिवशीचा धडा.

रुईफांगनं तो हात हातात घेतला. बोटांचे सांधे जाड झालेले, तळवा खरखरीत. तिनं ती चार बोटं मानयुनच्याच पायावर टेकवली, कड धरली, सुई काढून पुन्हा लावली. या वेळी आतून सुई धरली गेली. जड झाली. मानयुनच्या घशातून एक आवाज आला, शब्द नव्हे, पण "हां" सारखा. तेव्हा रुईफांग रडायला लागली. सुई हातात असताना रडू नये, हाही थाओंच्या घरचा नियम. तो त्या दिवशी मोडला.

त्यानंतर ती रोज जायची, सकाळच्या होडीनं. छिंगशीचे पेशंट कुरकुरायला लागले. ती म्हणाली, दुखणं दुपारपर्यंत थांबतं, थांबवा. सुया लागायच्या, रानदवण्याची वात पायाजवळ धरली जायची, हॉस्पिटलच्या गोळ्या वेळेवर दिल्या जायच्या, सून तेल लावून हात चोळायची, बाओथ्यान आईला काखेत धरून अंगणात चालवायचा. कशानं किती गुण आला ते कुणी सांगू शकणार नाही, आणि रुईफांगनंही कधी सांगितलं नाही. दुसऱ्या महिन्यात पायाचा अंगठा हलला. मग गुडघा. उजवा हात मागं राहिला, तो शेवटपर्यंत मागंच राहिला. आणि एका सकाळी, कोपराशी सुई लागताच, वाकड्या तोंडातून शब्द आला.

"ज... जड."

"सुई जड झाली, वन्सं?"

"हात. तुझा हात जड."

सून तोंडावर हात धरून हसली. एकदा वाट मोकळी झाल्यावर मानयुनचं बोलणं थांबेना. शब्द अडखळायचे, पण टोमणे पोचायचे. वाती ओल्या आणल्यास. सुई लावतेस की खिळा ठोकतेस. छिंगशीचे लोक फार सोशिक दिसतात. रुईफांगला चाळीस वर्षांत कुणी असं बोललं नव्हतं. ती होडीत बसून ते आठवत हसायची आणि नावाडी तिच्याकडे बघत राहायचा. पण जुन्या गोष्टीचा शब्द दोघींपैकी कुणी काढत नव्हतं. रोज परतताना रुईफांग स्वतःला सांगायची, उद्या बोलेन. उद्या आला की सुया, वाती, टोमणे, आणि होडीची वेळ.

पाचव्या महिन्याच्या पंचमीचा सण आला. दारोदार ताज्या रानदवण्याच्या जुड्या लटकल्या. मानयुन काठी घेऊन स्वतःच्या पायांनी ओसरीवर आली आणि वेताच्या खुर्चीत बसली. बांबूच्या पानात बांधलेला चिकट भात दोघींनी खाल्ला. बाओथ्यान आणि सून नौकांच्या शर्यती बघायला गेली होती. सुया काढून झाल्या होत्या. रुईफांग डबा आवरत होती तेवढ्यात मानयुननं डाव्या हातानं तिचं मनगट पकडलं आणि नाडीवर तीन बोटं ठेवली.

"हे काय, वन्सं?"

"गप्प बस. बोललं की नाडी पळते."

"नाडी बघता येते तुम्हाला अजून?"

"सुईची शपथ घेतली होती. नाडीची कुठं घेतली होती? आणि नखाची? चाळीस वर्षं अंगठ्याच्या नखानं दाबून दाबून अर्ध्या गावाची डोकी उतरवली मी. म्हशीचीसुद्धा नाडी बघितलीय." ती एक एक बोट दाबत, उचलत राहिली. मग तिचा चेहरा बदलला. "वहिनी, तुला झोप लागत नाही."

रुईफांगनं हात ओढून घ्यायला पाहिलं. मानयुननं सोडला नाही.

"किती वर्षं?"

नदीवरून ढोल ऐकू येत होते. रुईफांगनं मोकळ्या हातानं डबा मिटला.

"वन्सं," ती शेवटी म्हणाली, "मामंजींना मी सांगितलं होतं."

"माहितेय."

"कधी कळलं?"

"बाबा होडीतून उतरले तेव्हा. आल्या आल्या दोन्ही सुया मागितल्या. दोन आहेत हे तुला नि मलाच ठाऊक होतं. त्यात कसलं कोडं?"

"मग तुम्ही एवढी वर्षं... एका शब्दानं... त्या मीठवालीनं तुमचा हात हलका म्हटला, वन्सं. मला सहन झालं नाही. एवढंच कारण होतं. दुसरं काही नव्हतं."

"हलका होताच." मानयुन जरा थांबली, जीभ जुळवत. "चुगलीचं काय घेऊन बसलीस. तुझ्या जागी मी असते तर वर्षभर थांबलेसुद्धा नसते. पण मी दुसऱ्या दिवशी होडीनं आले असते. पाया पडले असते, भांडले असते, काही केलं असतं. पहिलं वर्षभर मी धुणं दुपारी काढायचे. सासू ओरडायची, उन्हात काय धुतेस म्हणून. दुपारची होडी तेव्हा लागायची ना घाटाला."

रुईफांगनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती खूप रडली, लहान पोरीसारखी, नाक पुसत. मानयुननं तिला रडू दिलं. तिचे स्वतःचे डोळेही कोरडे नव्हते, पण उजव्या डोळ्यातून आता तसंही पाणी यायचं, त्यामुळे तिला ते कबूल करावं लागलं नाही.

रडणं ओसरल्यावर रुईफांगनं डबा उघडला. एक बारीक सुई काढली, स्पिरिटचा बोळा काढला, आणि दोन्ही मानयुनसमोर धरलं. मग स्वतःची बाही कोपरापर्यंत वर केली आणि हात नणंदेच्या मांडीवर ठेवला.

मानयुनचं तोंड पांढरं पडलं. थाओंच्या घरात शिकणारा तयार झाला की नाही, हे ठरवायची रीत एकच आहे: त्यानं गुरूच्या अंगाला सुई लावायची. रुईफांगनं सासऱ्यांना लावली होती, सासऱ्यांनी त्यांच्या बापाला.

"शपथ आहे," मानयुन म्हणाली.

"ज्यांनी घातली ते गेले. आता थाओंच्या घरात मोठी मी. मी सोडवते."

"मी मुलगी आहे घरातली. तुमच्या नियमात बसत नाही."

"वन्सं, नियम पाळून पाळून पाचवी पिढी सहावीला काही न देता चालली आहे. माझा मुलगा शेनझेनमध्ये रेडिओ जोडतो. त्याच्या बायकोला सुई बघून चक्कर येते. आता नियम सांगता कुणाला?"

"डावा हात आहे माझा."

"हलका आहे ना?"

मानयुन हसली, अर्ध्या तोंडानं. तिनं भावजयीच्या मनगटाच्या घडीवरून बोट फिरवलं, करंगळीच्या बाजूला, हाडाच्या कडेला, जिथं जागा आहे तिथं येऊन थांबली. त्या जागेला आम्ही मनाचं दार म्हणतो. तिनं बोळ्यानं जागा पुसली, श्वास घेतला आणि सुई लावली. रुईफांगला टोचलेलं कळलंसुद्धा नाही. मग आत कुठंतरी आंबट, जड असं काही पसरलं आणि करंगळीपर्यंत गेलं.

"सांग," मानयुन म्हणाली.

"आंबट. जड. मुंग्या करंगळीपर्यंत."

"दुसरा हात आण."

दोन सुया लागल्या. ऊन ओसरीच्या कडेला होतं, रानदवण्याचा वास होता, ढोल आता लांब गेले होते. रुईफांगला वाटलं, जरा डोळे मिटावेत. होडीला अजून वेळ आहे. मानयुन तिच्याशी काहीतरी बोलत होती, कोंबड्यांबद्दल, मग सुनेबद्दल, आणि तो अडखळता आवाज लांबून यायला लागला. खालून घाटावरून नावाड्यानं दोनदा हाक मारली. तिनं ऐकली, पण ती कुणा दुसऱ्याच बाईला मारलेली वाटली.

मग पायऱ्यांवर चपला वाजल्या. शेजारची बाई कंबर धरून वर आली होती.

"छिंगशीच्या डॉक्टरीणबाई आल्यात ना? म्हटलं जाण्याआधी गाठावं. कालपासून कंबर..."

"हळू," मानयुनचा आवाज आला. "पेशंट झोपलीय."

"अगं बाई! मग डॉक्टर कुठायत?"

रुईफांगला डोळे उघडायचे होते, पण ते उघडेनात, आणि तिला त्याचं वाईटही वाटेना.

"मी आहे," मानयुन म्हणाली. "बस इथं. हात पुढं कर."